मिश्र मासेमारीत कोणत्या माशाला प्राधान्य द्यायचे? महाराष्ट्राच्या किनाऱ्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटे बंदरावर ट्रॉलर लागतो आणि बर्फातल्या पाट्या धक्क्यावर रित्या होऊ लागतात, तेव्हा एकाच पाटीत राणी मासा, ढोमा, वाकटी, माकूळ, दोन-तीन जातींची कोळंबी, एखादे लहान पाकट आणि ज्यांना कुणी नावानेही हाक मारत नाही अशी बोटभर पिल्ले एकत्र पडतात. खलाशी सवयीच्या हाताने त्यांची निवड करतात, कारण लिलावात प्रत्येकाचा भाव वेगळा असतो. धक्क्यावर सहज होणारी ही निवड समुद्रात होत नाही, आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ तिथेच आहे.

मिश्र मासेमारी म्हणजे नेमके काय?

एकाच जाळ्यात, एकाच फेरीत आणि एकाच ठिकाणी अनेक जातींची मासळी येते, आणि त्यातली एखादी तेवढी पकडून बाकीची टाळणे तांडेलाच्या, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखाच्या, पूर्णपणे हातात नसते, अशी मासेमारी म्हणजे मिश्र मासेमारी. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावरची बहुतेक मासेमारी याच प्रकारात मोडते. ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढले जाणारे जाळे, तळ खरवडत जाते, त्यामुळे तळाशी असलेले सगळेच त्यात शिरते. डोल, म्हणजे एका जागी बांधलेले पिशवीचे जाळे, भरती-ओहोटीच्या ओढीवर उभी असते, त्यामुळे पाण्याबरोबर वाहत येणारे सगळे तिच्या खोल्यात, म्हणजे शेवटच्या बंद टोकात, जमा होते. त्या मानाने तरंगते गिलनेट बरेच निवडक असते, कारण त्याच्या आसेत, म्हणजे जाळ्याच्या भोकात, ठरावीक जाडीचाच मासा अडकतो. मात्र त्याच आसेत बसणारा दुसरा मासाही अडकतोच, हे विसरून चालत नाही.

प्रत्येक जातीसाठी वेगळा नियम केला तर प्रश्न सुटणार नाही का?

कागदावर सुटतो. मत्स्यविज्ञानात प्रत्येक जातीसाठी कमाल शाश्वत उत्पादनाचा अंदाज काढता येतो. म्हणजे साठा कमी न होता वर्षानुवर्षे जास्तीत जास्त किती मासळी काढता येईल आणि त्यासाठी मासेमारीचा जोर किती असावा, हे ठरवता येते. अडचण अशी की हा जोर प्रत्येक जातीसाठी वेगळा निघतो, आणि जाळे मात्र सगळ्यांना मिळून एकच असते.

समजा, एका टापूत बोंबलाच्या साठ्याला वर्षाला १०० दिवसांची मासेमारी झेपते, कोळंबीला १२०, पापलेटला ६० आणि एखाद्या मोठ्या मुशीला, म्हणजे शार्कला, जेमतेम २०. हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. बोटी १०० दिवस समुद्रात गेल्या, तर बोंबलाचे ठीक चालेल, कोळंबी थोडी वाया गेल्यासारखी वाटेल, पापलेट घटत जाईल आणि मुशी काही वर्षांत दिसेनाशी होईल. बोटी २० दिवसच गेल्या, तर मुशी वाचेल, पण बंदर उपाशी राहील. चारही जातींचे कमाल उत्पादन एकाच वेळी देणारा आकडा अस्तित्वातच नाही, म्हणून कुणाच्या बाजूने किती झुकायचे हे ठरवावेच लागते. हे कुणी ठरवले नाही तरी झुकाव असतोच. फक्त तो बाजारभावाने आणि डिझेलच्या खर्चाने ठरतो.

जो मासा सर्वांत जास्त सापडतो किंवा सर्वांत महाग विकला जातो, त्यालाच प्राधान्य देणे योग्य नव्हे का?

हे उत्तर इतके स्वाभाविक वाटते की अनेक योजना त्यावरच उभ्या राहतात. मुंबईच्याच पाण्यातला एक अनुभव मात्र त्याच्या विरुद्ध जातो. चपट्या देहाचा, डोक्यापुढे फावड्यासारख्या मिशा असलेला वाळूतला शेवंड १९७८च्या सुमारास मुंबईच्या ट्रॉलरांना मोठ्या प्रमाणात मिळू लागला. तो मुख्य लक्ष्य नव्हता, बोटी कोळंबीसाठी जात होत्या. पण निर्यातीत त्याला दर होता, म्हणून आलेला शेवंड ठेवला जाई. १९९४पर्यंत ही मासेमारी पूर्ण बसली.

एकच जात पकडणाऱ्या धंद्यात मासा कमी झाला की फेरी परवडेनाशी होते, बोटी आपोआप थांबतात आणि साठ्याला थोडी उसंत मिळते. मिश्र धंद्यात ही आपोआप थांबण्याची सोय नसते. शेवंड संपत आला तरी कोळंबी ट्रॉलरचा खर्च भागवत होती, त्यामुळे ट्रॉलर त्याच वाळूवरून फिरत राहिले आणि उरलासुरला शेवंडही येत राहिला. तात्पर्य, भरपूर मिळणारी जात दुबळ्या जातीच्या नाशाचा खर्च उचलते.

महाग माशाचे गणित याहून वाईट असू शकते. घोळ हा ढोम्याच्या कुळातला मोठा मासा आहे आणि त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, म्हणजे बोताला, परदेशी बाजारात प्रचंड किंमत मिळते. २०२१च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका बोटीला एका फेरीत दीडशेहून अधिक घोळ मिळाले आणि त्यांचे सव्वा कोटीहून अधिक रुपये झाले, ही बातमी देशभर गाजली. त्या कुटुंबाचे भाग्य उजळले, याचा आनंदच आहे. पण एका जागी एवढे मोठे घोळ मिळणे म्हणजे अख्खा थवा सापडणे. जो मासा थव्याने एकत्र येतो आणि विरळ होत गेला की ज्याचा भाव वाढतच जातो, त्याला बाजार स्वतःहून कधीच सोडत नाही.

मग ‘प्राधान्य’ म्हणजे नक्की कशाचे प्राधान्य?

चर्चेतला निम्मा गोंधळ हा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी वापरल्यामुळे होतो, असे आमचे मत आहे. धंदा ज्या माशावर उभा आहे, तो कमाईचा मासा. सगळ्या ताफ्याने किती जोर लावावा याची वरची मर्यादा ज्याच्या सोसण्यावरून ठरवावी लागते, तो मर्यादेचा मासा. आणि ज्याचे आकारमान व प्रमाण नियमितपणे मोजले की आसपासच्या इतर जातींचीही चाहूल लागते, तो खुणेचा मासा. ही तिन्ही कामे एकाच जातीकडे असतील, असे क्वचितच घडते.

बैठकीत मच्छीमार संस्थेचा प्रतिनिधी ‘आमच्यासाठी बोंबील महत्त्वाचा’ म्हणतो, तेव्हा तो कमाईविषयी बोलत असतो. वन्यजीव अभ्यासक ‘मुशी महत्त्वाची’ म्हणतो, तेव्हा तो मर्यादेविषयी बोलत असतो. दोघेही बरोबर असतात, आणि तरीही तासभर भांडण होते. म्हणून यादी करताना प्रत्येक जातीपुढे ती कोणत्या कामासाठी यादीत आली आहे हे लिहून ठेवावे.

निकष कोणते लावावेत?

पहिला निकष जीवशास्त्राचा. मासा किती वर्षांनी अंड्यावर येतो, किती जगतो, एका वेळी किती पिल्ले किंवा अंडी देतो, यावर त्याची सावरण्याची ताकद ठरते. जवळा वर्षभरही जगत नाही आणि त्याची पिढी झपाट्याने बदलते. उलट अनेक मोठ्या मुशी आणि पाकटे कित्येक वर्षांनी वयात येतात आणि मोजकीच पिल्ले देतात. दुसरा निकष जाळ्याशी गाठ पडण्याचा. मासा जिथे राहतो आणि बोटी जिथे फिरतात, त्या जागा किती जुळतात, आणि जाळ्यात आल्यावर तो निसटू शकतो का, हे यात पाहावे लागते. तिसरा पोटापाण्याचा. यात लिलावातली एकूण रक्कम तेवढी न पाहता ती किती घरांत वाटली जाते तेही पाहावे. सुरमईचा पैसा मोठ्या बोटींकडे जातो, पण जवळा आणि बोंबील सुकवून विकणाऱ्या बायकांची संख्या कुठल्याही ताफ्यातल्या खलाशांहून लहान म्हणता येणार नाही. चौथा अन्नसाखळीचा. जवळा आणि मांदेली यांच्यावर इतर कितीतरी मासे जगतात, म्हणून त्यांचा हिशेब केवळ त्यांच्या किलोच्या दराने करणे चुकीचे ठरते.

पाचवा निकष बहुधा विसरला जातो आणि आम्हाला तोच सर्वांत कामाचा वाटतो. आपण योजलेल्या उपायाने त्या जातीला खरोखर फरक पडणार आहे का? एखादी जात कितीही संकटात असली, पण तिचा साठा मुख्यतः समुद्राच्या तापमानाने किंवा खाडीतल्या प्रदूषणाने घटत असेल, तर जाळ्याची आस बदलून ती वाचणार नाही. तिच्यासाठी दुसऱ्या खात्याचे दार ठोठवावे लागेल. उलट पापलेटची पिल्ले ठरावीक ठिकाणी, ठरावीक दिवसांत, ठरावीक जाळ्यात येतात, म्हणून तिथे थोडा बदलही भरघोस फळ देऊ शकतो.

बहुतेक जातींविषयी पुरेशी आकडेवारी नसते. तरीही ठरवता येते का?

येते, आणि थांबून राहण्यापेक्षा ते बरे. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था, म्हणजे कोचीला मुख्यालय असलेली आणि १९४७ साली स्थापन झालेली संस्था, निवडक बंदरांवर नमुना पद्धतीने आवक मोजते. त्यावरून प्रमुख जातींच्या साठ्याचा अंदाज निघतो. पण ट्रॉलच्या एका ओढीत येणाऱ्या डझनावारी जातींचे सविस्तर मूल्यमापन कुठल्याच देशाला परवडत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कोळंबी ट्रॉलिंगमध्ये कोळंबीबरोबर शेकडो जाती येतात. तिथल्या अभ्यासकांनी २००१च्या सुमारास एक सोपी रीत वापरली. प्रत्येक जातीला दोन बाजूंनी गुण द्यायचे, एक सावरण्याच्या ताकदीचे आणि दुसरे जाळ्याला बळी पडण्याच्या शक्यतेचे, आणि दोन्ही बाजूंनी कमकुवत निघालेल्या जाती आधी बाजूला काढायच्या. या रीतीने नेमका साठा किती हे कळत नाही. आधी कुणाकडे पाहायचे, एवढे मात्र कळते. तांडेलांना सोबत घेऊन असा तक्ता एखाद्या बंदरावर दोन दिवसांत होऊ शकतो, कारण कोणता मासा कोणत्या महिन्यात, किती वाव खोलीवर आणि कोणत्या आसेत येतो, हे त्यांना पाठ असते.

पापलेट, बोंबील आणि जवळा यांची सांगड कशी घालायची?

उत्तर कोकणात हाच खरा कळीचा प्रश्न आहे, म्हणून त्याला जरा वेळ देऊ.

डोल हे लांबलचक पिशवीचे जाळे. ते खुंटांना किंवा नांगरांना बांधून पाण्याच्या ओढीसमोर धरले जाते. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या, दिवसांत ओढ जोराची असते आणि खोला भरतो, भांगाच्या, म्हणजे मधल्या मंद भरती-ओहोटीच्या, दिवसांत जाळी निवांत असतात. जवळा काही मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे तो धरायचा तर खोल्याची आस फारच बारीक ठेवावी लागते. बोंबलाला तेवढी बारीक आस लागत नाही, पण तोच खोला दोघांसाठी वापरला जातो. आणि मग त्यात नाण्याएवढी, पारदर्शक दिसणारी पापलेटची पिल्लेही येतात. त्यांना बाजारात जवळपास काहीच किंमत नसते आणि खोला वर घेईपर्यंत दाबाने ती मेलेली असतात, त्यामुळे परत सोडूनही उपयोग नसतो.

आता हिशेब पाहा. २० ग्रॅमची ५० पिल्ले मिळून एक किलो भरतात. त्यातली निम्मीच जगून ३०० ग्रॅमची झाली असे धरले, तरी २५ मासे आणि साडेसात किलो वजन होते, आणि त्या आकाराच्या पापलेटचा दर पिल्लांच्या कितीतरी पट असतो. नैसर्गिक मरतूक याहून अधिक धरली तरीही पारडे वाढू देण्याच्याच बाजूला झुकते. जवळ्याच्या बाबतीत असा हिशेब लागूच होत नाही. तो आज धरला नाही तर पुढच्या वर्षी मोठा होऊन मिळणार नाही, काही महिन्यांत तो मरेल किंवा कुणाच्या तरी पोटात जाईल. बोंबील मधला आहे. तो लवकर वाढतो, जवळा खातो, प्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्लेही खातो, आणि मासेमारीचा बराच जोर सोसतो.

म्हणजे जीवशास्त्र पाहिले तर मर्यादेचा मासा पापलेटच ठरतो, आणि २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केले गेले, तेव्हा त्यामागेही हीच चिंता होती. पण जीवशास्त्राने उत्तर दिले म्हणून न्याय झाला असे होत नाही. पिल्ले सोडण्याची झीज डोलकराला सोसावी लागते आणि वाढलेले पापलेट मिळते ते गिलनेटवाल्याला, बहुधा दुसऱ्याच गावात. एका गावाने उपास करायचा आणि दुसऱ्याने पारणे फेडायचे, अशी ही व्यवस्था आहे. या झीजेची भरपाई ठरल्याशिवाय ‘पापलेटला प्राधान्य’ हे वाक्य डोलकरांच्या बैठकीत उच्चारणे म्हणजे भांडणाला आमंत्रण आहे, आणि ते भांडण अनाठायी नाही.

मधले मार्ग आहेत. पिल्ले ज्या पंधरवड्यांत आणि ज्या खोलीवर दाटीने येतात, तेवढ्यापुरती डोल उचलून ठेवणे. जवळ्याचा हंगाम आणि बोंबलाचा हंगाम वेगळे धरून बोंबलाच्या दिवसांत मोठ्या आसेचा खोला लावणे. खोल्याच्या आधी मोठ्या आसेची खिडकी ठेवणे. यांतला कोणता चालेल हे गावागणिक बदलते, कारण पाण्याची ओढ आणि तळ बदलतो.

किमान आकाराचा नियम आहेच. तो पुरेसा नाही का?

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवून दिला. त्यात रुपेरी पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० मिलिमीटर आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर अशी मर्यादा आहे. केरळने हा मार्ग २०१५ पासून धरला होता. नियम चांगला आहे, विशेषतः बाजारात. लहान पापलेट विकताच येणार नाही असे झाले, तर त्यासाठी मुद्दाम जाळे टाकण्याचे कारण उरत नाही.

पण मिश्र मासेमारीत किमान आकार हा जाळ्याला कळत नाही. १८० मिलिमीटरचा बोंबील लांब आणि सडपातळ, तर १३५ मिलिमीटरचा पापलेट रुंद आणि चपटा. दोघांनाही नेमके न्याय देणारी एकच आस असू शकत नाही. म्हणून ५४ जातींच्या यादीतूनही प्रत्यक्ष तपासणीसाठी आठ-दहा जाती निवडाव्या लागतील, नाहीतर अंमलबजावणी जो पहिला सापडेल त्याच्यावर होईल, आणि तो बहुधा पाटी घेऊन बसलेली कोळीण असेल, ट्रॉलरचा मालक नव्हे. मासळी धक्क्यावर उतरते तिथे मोजमाप व्हायला हवे, मंडईत नव्हे.

चौकोनी आस म्हणजे काय आणि तिचा प्राधान्याशी काय संबंध?

साध्या ट्रॉलची आस शंकरपाळीसारखी असते. जाळे ओढीत आले की ती ताणून मिटते आणि लहान मासे आतच राहतात. तेच जाळे अशा तऱ्हेने लावले की आस चौकोनी राहील, तर ओढ लागूनही ती उघडी राहते आणि पिल्ले बाहेर पडतात. ट्रॉलच्या खोल्याला ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावावी, ही शिफारस यातूनच आली.

इथे एक बारकावा आहे. चौकोनी भोकातून गोल अंगाचा मासा सहज सुटतो, म्हणजे ढोमा, राणी मासा आणि कोळंबी यांची पिल्ले. उभट, चपट्या अंगाच्या माशाला शंकरपाळीची आसच अधिक सोयीची पडते. त्यामुळे आस निवडणे हीसुद्धा जात निवडण्याचीच एक रीत आहे, मग आदेशात कुठल्याही माशाचे नाव असो वा नसो. आस ठरवणाऱ्या समितीने आपण कुणाला सोडतो आहोत हे निदान स्वतःशी तरी स्पष्ट करावे.

पावसाळी बंदीने सगळ्याच जातींचे भले होत नाही का?

बरेच होते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीत यांत्रिक बोटी किनाऱ्याला असतात आणि अनेक जातींना अंडी घालायला उसंत मिळते. पण ही बंदी जातनिहाय नाही, आणि हंगाम उघडताच पहिल्या काही आठवड्यांत तीच नवी पिल्ले जाळ्यात आली, तर दोन महिन्यांची कमाई तिथेच खर्ची पडते.

युरोपात मिश्र मासेमारीचा प्रश्न कसा हाताळला गेला?

तिथे जातनिहाय कोटा असतो, म्हणजे वर्षाला अमुक टन कॉड, अमुक टन हॅडॉक. पूर्वी कोटा संपला की वरचा मासा मेलेलाच समुद्रात फेकला जाई. युरोपीय संघाने हे थांबवण्यासाठी पकडलेला सगळा कोटायुक्त मासा किनाऱ्यावर आणण्याची सक्ती केली आणि २०१५ पासून टप्प्याटप्प्याने आणत १ जानेवारी २०१९ पासून ती पूर्णपणे लागू केली. त्याबरोबर अडसर ठरणाऱ्या जातीचा प्रश्न उभा राहिला. उत्तर समुद्रात कॉड आणि हॅडॉक एकत्र येतात. कॉडचा तुटपुंजा कोटा संपला की हॅडॉकचा कोटा शिल्लक असूनही बोटीला थांबावे लागते.

तिथल्या शास्त्रीय सल्ल्यात यावर एक समजूतदार तोड आहे. प्रत्येक जातीसाठी मासेमारीच्या जोराचा एकच आकडा न देता एक पट्टा दिला जातो, ज्यात कमाल उत्पादनाच्या ९५ टक्के तरी उत्पादन मिळेल. मग सशक्त जातीसाठी पट्ट्याच्या वरच्या टोकाला आणि दुबळ्या जातीसाठी खालच्या टोकाला जाऊन दोघांना एका जोरात बसवायचा प्रयत्न होतो. आपल्याकडे जातनिहाय कोटा नाही आणि हजारो लहान बोटींवर तो राबवणे सध्या कल्पनेबाहेरचे आहे, पण पट्ट्याची ही कल्पना उचलण्यासारखी आहे. प्रत्येक मासा शंभर टक्के मिळवण्याचा हट्ट सोडला, की तडजोडीला पुष्कळ जागा निघते.

मुशी आणि पाकटे यांना सरसकट प्राधान्य द्यावे का?

सरसकट नको. ‘मुशी’ हे एका जातीचे नाव नाही. आपल्याकडे बाजारात नेहमी दिसणारी लहान, टोकदार नाकाची मुशी लवकर वयात येते आणि मुशींच्या मानाने बरीच पिल्ले देते. तिला आणि मोठ्या, संथ वाढणाऱ्या मुशींना एका ओळीत बसवले, तर यादीचा अर्थच जातो. काही जातींबाबत मात्र निवडीचा प्रश्नच उरत नाही. देवमुशी (व्हेल शार्क) आणि करवत मासा यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्वोच्च संरक्षण आहे. असा प्राणी जाळ्यात आला तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. दुबळी जात वाचवण्याची झीज समाजाने उचलण्याचे हे किनाऱ्यावरचे दुर्मीळ उदाहरण आहे. पापलेटच्या पिल्लांबाबत वर जी अडचण सांगितली, तिच्यावर विचार करणाऱ्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

तारली आणि बांगडा यांना कोणत्या रांगेत बसवायचे?

वेगळ्याच. हे मासे वाऱ्यापाण्याप्रमाणे भरतात आणि ओसरतात. केरळात तारलीची आवक २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन होती आणि २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. एवढी घसरण केवळ जाळ्यांमुळे होत नाही, त्यात समुद्राच्या बदलांचा मोठा वाटा असतो. अशा जातीला मर्यादेचा मासा केले, तर नियम दरवर्षी उलटेसुलटे होतील. त्यांच्यासाठी साठा ओसरल्याची खूण दिसताच जोर कमी करण्याची आधीच ठरवलेली तजवीज हवी. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीनला, म्हणजे थव्याभोवती वेढा घालणाऱ्या जाळ्याला, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, त्या निर्णयाकडे भांडणापलीकडे जाऊन या नजरेनेही पाहता येते.

देशातले ९१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचे सांगितले जाते. मग एवढी घाई कशाला?

२०२२च्या मूल्यमापनात देशभरातल्या १३५ साठ्यांपैकी ९१.१ टक्के साठे शाश्वत स्थितीत आढळले. ही समाधानाची बाब आहेच. पण टक्केवारीत प्रत्येक साठा एक म्हणून मोजला जातो, मग तो जवळ्याचा असो वा मोठ्या मुशीचा. मिश्र मासेमारीत प्रश्न सरासरीचा नसून उरलेल्या नऊ टक्क्यांचा, आणि ज्यांचे मूल्यमापनच झालेले नाही त्यांचा असतो. मुंबईचा शेवंड नाहीसा होत होता, तेव्हाही इतर बहुतेक जातींची आवक बरी होती.

हे सगळे ठरवायचे कुणी?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि महाराष्ट्रात तिचे नियमन १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने होते, म्हणून अंतिम आदेश राज्याचाच. मात्र माशाला सीमा कळत नाही. पापलेट आणि घोळ गुजरातच्या पाण्यातही फिरतात, आणि गुजरातने तर २०२३ मध्येच घोळला आपला राज्यमासा केले आहे. महाराष्ट्रातल्या डोलकराने पिल्ले सोडायची आणि ती शेजारच्या राज्यातल्या जाळ्यात सापडायची, अशी शंका बैठकीत हमखास निघते. दोन राज्यांनी निदान या दोन जातींसाठी एकच वेळापत्रक धरले, तर ती शंका उरणार नाही.

बैठकीला कोण बोलावले जाते, यावर यादी ठरते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. बोटमालक आणि संस्थांचे अध्यक्ष आले की यादीत सुरमई, पापलेट आणि कोळंबी येतात. वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील सुकवणाऱ्या आणि बारीक मासळीचे वाटे लावून विकणाऱ्या बायका आल्या, की जवळा, मांदेली आणि ढोमा वर सरकतात. शिवाय कोणत्या वर्षापासून वाट्यातली मासळी बारीक होत गेली, हे त्याच सांगू शकतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या तो वाटा त्यांच्याच हातांनी लागला आहे.

यादी किती मोठी असावी आणि ती कधी बदलावी?

एका टापूसाठी सहा-सात जातींपेक्षा मोठी यादी प्रत्यक्षात कुणी सांभाळत नाही. उत्तर कोकणासाठी आमच्या मते पापलेट आणि घोळ मर्यादेसाठी, बोंबील आणि कोळंबी कमाईसाठी, जवळा अन्नसाखळीसाठी आणि ढोमा खुणेसाठी घ्यावा. ढोमा यासाठी की तो ट्रॉल आणि डोल दोन्हींत येतो, बारमाही येतो आणि त्याची लांबी मोजायला फूटपट्टीपलीकडे काही लागत नाही. सिंधुदुर्गात, जिथे रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) आणि गिलनेट अधिक आहेत, ही यादी वेगळी निघेल, आणि ती मुंबईत बसून करू नये.

फेरविचार तीन वर्षांनी करावा, कारण एका वर्षाच्या चढउतारावरून निष्कर्ष काढणे घाईचे होते आणि बोंबलासारख्या अल्पायुषी माशाच्या त्या काळात एकाहून अधिक पिढ्या होऊन जातात. मधल्या काळात बंदरावर महिन्यातून दोनदा, एकदा उधाणात आणि एकदा भांगात, प्रत्येक प्रकारच्या जाळ्यातली एक पाटी पूर्ण मोजावी: जाती किती, यादीतल्या प्रत्येक जातीची लांबी किती, आणि निवडून बाजूला फेकलेली बारीक मासळी किती किलो. फेकलेल्या मासळीचे वजन आधी करावे, कारण ती टोपली धक्क्यावरून सर्वांत लवकर उचलली जाते.